माटोळी एआयला कशी सांगायची: शब्दांची माळ की सलग वर्णन?

माटोळी म्हणजे गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळं बांधलेली लाकडी चौकट. चवथीच्या निमंत्रणासाठी एआयकडून चित्र किंवा छोटा व्हिडिओ करून घ्यायचा म्हटलं की प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, लिहायच्या दोन रीती समोर येतात. एक म्हणजे स्वल्पविराम देत शब्दांची माळ ओवायची. दुसरी म्हणजे समोरच्या माणसाला सांगावं तसं तीन-चार वाक्यांत वर्णन करायचं. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या उत्सवी नाटकांचे फलक आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ मी करतो. दोन्ही रीती मी भरपूर वापरल्या आहेत आणि माझा कौल वर्णनाला आहे.

कारण माटोळीवरूनच सांगतो. आधी मी अशी माळ दिली होती: ‘माटोळी, गणपती, गोव्यातलं घर, पारंपरिक, सुंदर प्रकाश, अतिशय बारकावे’. उत्तरात आला झेंडूच्या माळांमधला गणपती, आणि मागच्या खिडकीत समुद्र आणि माड. माटोळीचा पत्ता नाही. मग नाव सोडून वस्तूच सांगितली: ‘जुन्या कौलारू घरातली खोली, भिंती तांबड्या चिऱ्याच्या. मातीच्या गणेशमूर्तीच्या डोक्यावर, छताला टांगलेली लाकडी पट्ट्यांची आडवी चौकट आहे. चौकटीला दोऱ्यांनी नारळ, केळीचा घड, सुपारीचा घोस, चिबूड आणि तोरिंग बांधून खाली सोडलं आहे. उजेड फक्त दोन समयांचा.’ या वेळी चौकट आली, फळं लोंबकळली. सुपारीची मात्र द्राक्षं झाली. तिथे ‘पिकलेली, नारिंगी, लांबट गोल फळं, फाटे फुटलेल्या दांड्यांना लगडलेली’ असं लिहिल्यावर घोस जमला. तोरिंगाचंही तेच, ‘नारळाएवढं मोठं, हिरवट पिवळं लिंबू’ म्हटल्यावर ते ओळखीचं दिसू लागलं.

ही यंत्रं चित्रं आणि त्यांच्याखालचा मजकूर यांच्या जोड्यांवरून शिकतात. ज्या मजकुरात ‘माटोळी’ क्वचितच येतं, तिथून शिकलेल्या यंत्राला ते नाव पोकळ वाटतं. चौकट, दोरी, घड हे मात्र त्याने असंख्य वेळा पाहिलेलं असतं. म्हणून आपल्याकडच्या वस्तूंसाठी नावापेक्षा रूप सांगणं कामाला येतं, आणि रूप सांगायला वाक्यंच लागतात. ‘चौकट मूर्तीच्या वर, फळं चौकटीखाली’ हे नातं माळेत सांगताच येत नाही.

मग माळेची सवय आली कुठून? २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं एआय आलं, तेव्हा त्याचा मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७७ टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, घेई. त्यातली दोन सुरुवात-शेवटाची खूण म्हणून जात, आपल्या हाती ७५ उरत. काटकसर करणं भाग होतं, आणि लांब वाक्यातली नाती त्याला नीट कळतही नसत. २०२३ मध्ये आलेलं डॅल-ई ३ हे चित्रांचं एआय मुद्दाम लांब, तपशीलवार वर्णनांवर शिकवलं होतं, शिवाय चॅटजीपीटी आपला प्रॉम्प्ट आधी फुलवून मग त्याच्याकडे देई. तिथून वारं फिरलं. तरीही आजही बरेच जण ‘अतिशय बारकावे, उत्कृष्ट दर्जा’ अशी शेपटं जोडतात. नव्या साधनांत त्या शब्दांनी फारसं काही होत नाही. त्या जागेत आणखी एक फळ सांगा.

माळ कुठे बरी? स्वतःच्या संगणकावर स्टेबल डिफ्यूजनच्या जुन्या आवृत्त्या चालवत असाल तर तीच बरी. तिथे नको त्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, आणि बऱ्याच इंटरफेसमध्ये एखाद्या शब्दाला कंसात आकडा देऊन वजनही वाढवता येतं. मिडजर्नी या चित्रांच्या एआयमध्ये भराभर दहा रंगसंगती पाहायच्या असतील तेव्हाही चार शब्द पुरतात.

‘नको’ हा शब्द वर्णनात मात्र जपून वापरा. जत्रेच्या फलकासाठी मी ‘गोव्यातलं देऊळ, समुद्रकिनारा नको’ असं लिहिलं आणि देवळामागे नेमका किनाराच आला. ‘गोवा’ शब्दच यंत्राला किनाऱ्याकडे ओढतो. तो काढून टाकला आणि जे हवं तेच लिहिलं: मंगेशीला आहे तसा पांढरा, अष्टकोनी, सात मजली दीपस्तंभ, प्रत्येक मजल्यावर कमानी, गर्भगृहावर घुमट, उतरती कौलं, मागे पोफळीची बाग. तेव्हा कुठे आपलं देऊळ दिसलं. एरवी दक्षिणेतलं गोपुर हमखास येई.

भाषेचं थोडक्यात. जेमिनी, चॅटजीपीटी यांना मराठीत सांगितलं तरी चालतं. जुन्या स्टेबल डिफ्यूजनला नाही. तिथे देवनागरीचा एकेक शब्द कितीतरी टोकन खातो आणि अर्थही पोचत नाही. तिथे इंग्रजीच लिहा.

व्हिडिओसाठी निवड वेगळी आहे: थेट शब्दांतून व्हिडिओ करायचा, की आधी चित्र पक्कं करून त्यात हालचाल भरायची. थेट रीत पटकन होते आणि समुद्र, पाऊस, शेत अशा सर्वसाधारण दृश्यांना पुरते. दीपस्तंभाचं दृश्य थेट मागितलं तेव्हा कॅमेरा वर जाता जाता सात मजल्यांचे पाच झाले. आधी चित्र केलं तर व्हिडिओची सुरुवात तुमच्या मनासारखीच असते. मग प्रॉम्प्टमध्ये चित्राचं वर्णन पुन्हा करायचं नाही, फक्त काय हलतं ते सांगायचं: ‘पणत्यांच्या ज्योती वाऱ्याने हलतात, कॅमेरा सावकाश वर जातो.’ एका क्लिपला कॅमेऱ्याची एकच चाल द्या. २०२५ मध्ये आलेल्या गूगलच्या व्हिओ ३ या व्हिडिओच्या एआयमध्ये क्लिप ८ सेकंदांपर्यंतची असते आणि आवाजही तयार होतो. एवढ्या वेळात दोन चाली मागितल्या की गर्दीतल्या माणसांचे हात एकमेकांत मिसळू लागतात. एक दृश्य चार-पाच वेळा काढावं लागतं, त्यामुळे पैसे मोजून घेतलेले क्रेडिट चित्रापेक्षा व्हिडिओत लवकर संपतात. आमच्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला आधी चित्र हीच रीत परवडते.

नाटकाचं नाव आणि तारीख चित्रात मागू नका. देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं बिघडण्याची शक्यता मोठी असते. अक्षरं नंतर नेहमीच्या डिझाइनच्या ॲपमध्ये टाका. आणि गावच्या देवाचं मुखदर्शन म्हणून एआयचं चित्र कधीच देऊ नका. तिथे पुजाऱ्यांना विचारून खराच फोटो घ्यावा, भाविक त्या चित्रापुढे हात जोडणार असतात.

चित्र पाठवण्याआधी ते घरात माटोळी बांधणाऱ्या माणसाला दाखवा. मी ‘रानातली फळं’ एवढंच लिहून काढलेलं एक चित्र काकांना दाखवलं, तर त्यांनी पहिल्याच नजरेत विचारलं, “अरे, यात स्ट्रॉबेरी कोणी बांधली?” त्यांना समोर बसवून एकेक फळाचं रूप विचारलं आणि तेच जसंच्या तसं प्रॉम्प्टमध्ये उतरवलं. यंदाच्या निमंत्रणावर तेच चित्र आहे.