हिप रीसरफेसिंग करून वर्ष होत आलं: सोलापूरहून अनुभव

आधी निकाल सांगतो. खुबा दुखत नाही, मी पुन्हा मागावर उभा राहतो, जिना रेलिंग न धरता चढतो. तरीही कुणी विचारलं तर ‘तुम्हीही हेच करा’ असं मी म्हणत नाही. कारण बऱ्याच लोकांना खुब्याच्या गोळ्यावर धातूची टोपी चढवण्याचा हा पर्याय मिळतच नाही, आणि मिळू नये हेच बरोबर आहे.

वय सत्तेचाळीस, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग चालू ठेवणारा, दुरुस्त करणारा. उजव्या खुब्याची झीज. खुब्याचं दुखणं जांघेत नाहीतर गुडघ्यात जाणवतं, त्यामुळं आमच्याकडं आधी गुडघ्याचाच एक्स-रे निघाला. खुब्याचा काढला तेव्हा गोळा आणि वाटी यांच्यात फटच उरली नव्हती. इथल्या डॉक्टरांनी टोटल हिप, म्हणजे अख्खा सांधा बदलायचं सुचवलं. रीसरफेसिंगचं विचारल्यावर म्हणाले, “मी ते करत नाही, नेहमी करणाऱ्याकडं पुण्याला पाठवतो.” हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. टोटल हिप करणारे जागोजागी आहेत. हे ऑपरेशन सतत करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

टोटल हिपमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा मानेसकट कापून टाकतात आणि हाडाच्या पोकळीत दांडा ठोकून त्यावर नवा गोळा बसवतात. रीसरफेसिंगमध्ये गोळा तासून त्यावर कोबाल्ट-क्रोमची टोपी चढवतात, दाताला कॅप बसवतात तशी. वाटीतही त्याच धातूचा कप. मांडीचं हाड शाबूत राहतं, म्हणजे पुढं कधी टोटल हिप करावंच लागलं तर दांड्याला जागा कोरी असते. शिवाय गोळा जवळजवळ मूळ मापाचा राहतो. माझा 50 मिलिमीटरचा. टोटल हिपमध्ये साधारण 28 ते 36 चा बसवतात. मोठा गोळा सहजासहजी निखळत नाही.

हाड वाचतं म्हटल्यावर लोकांना हे छोटं ऑपरेशन वाटतं. तसं अजिबात नाही. गोळा जागेवर ठेवून त्याच्या मागची वाटी तासायची असते, त्यामुळं चीर उलट मोठी पडते. आमच्या वहिनींचं टोटल हिप माझ्या आधी महिनाभर झालेलं. मी वॉकर धरून व्हरांड्यात फिरायचो तेव्हा त्या काठी सोडून मोकळ्या. “भावजी, हाड तुमचं वाचलं, पण भाकरी थापायला आधी मी उभी राहिले,” हे त्यांनी अख्ख्या पाहुण्यारावळ्यांना ऐकवलंय.

वहिनींना मात्र रीसरफेसिंग द्यायला सर्जननं साफ नकार दिला होता. घरात थोडी धुसफूस झाली, ‘बायकांना स्वस्तातलं’ वगैरे. कारण वेगळं आहे. धातूवर धातू घासला की बारीक कण आणि कोबाल्ट-क्रोमियमचे आयन रक्तात उतरतात. गोळा लहान किंवा कप तिरका बसला तर घासणं वाढतं, आजूबाजूचे स्नायू खराब होतात. बायकांचे गोळे बहुधा लहान. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये 1997 पासून बसवल्या जाणाऱ्या रीसरफेसिंगच्या सांध्याच्या कंपनीनं 2015 मध्ये स्वतःच लहान मापं बाजारातून काढली आणि तो बायकांना बसवू नये असं जाहीर केलं. मूत्रपिंडाचा आजार असला तरीही नको, कारण हे धातू लघवीवाटेच बाहेर जातात. हाड ठिसूळ असलं किंवा एव्हीएनमध्ये (रक्तपुरवठा तुटून हाड मरतं तो आजार) गोळा बराचसा मेलेला असला तर टोपीला खाली आधारच राहत नाही.

त्याआधी 2010 मध्ये एएसआर नावाचे असेच धातूवर धातूचे सांधे जगभरातून परत घेतले गेले. भारतातही हजारो लोकांना बसवलेले होते आणि त्यातले बरेच नंतर सापडलेच नाहीत, कारण कुणाला काय बसवलं याची धड नोंद नव्हती. म्हणून डिस्चार्जच्या वेळी सांध्याच्या खोक्यावरची स्टिकरं फाइलला लावलीत ना, हे बघून घ्या. माप, नंबर सगळं त्यावर असतं.

पहिले सहा महिने खरी भीती गोळ्याखालची मान मोडण्याची. टोटल हिपमध्ये मानच काढलेली असते, तिथं हा प्रश्न नाही. त्यामुळं मला बीम (मागावरचा सुताचा जड रूळ) उचलायला, उड्या मारायला, पळायला बंदी. पोरं व्हॉट्सअॅपवर टेनिसवाला अँडी मरे पाठवायची: जानेवारी 2019 मध्ये हेच ऑपरेशन, ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकला. बरोबर आहे, पण त्याच्यामागं फिजिओची फौज होती, माझ्यामागं मालक होता, “कधी येतोस?” विचारणारा.

दोन बारीक गोष्टी कुणी सांगत नाही. ऑपरेशन मार्चअखेर झालं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते घट्ट पांढरे मोजे सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दिवसभर घालणं हे ऑपरेशनपेक्षा अवघड. जमत असेल तर दिवाळीनंतरची तारीख घ्या. दुसरं, पुण्याहून परतताना हुतात्मा एक्स्प्रेसचा विचार सोडून मोटार केली, पुढची सीट मागं रेलवून. इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ असं उतरत पाय मोकळे करत आलो.

आता मांडी घालून जेवायला बसतो. उकिडवं बसता येतं, पण अगदी खाली गेलं की जांघेत ओढ लागते, ती अजून गेलेली नाही. बारा तासांच्या पाळीनंतर लंगडतो. आठ तासांच्या नाही. मालकाशी आता त्यावरच बोलणं चाललंय.

खर्च टोटल हिपपेक्षा जास्त आला, आणि तो एकदाच येत नाही. एक्स-रे आणि रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी मागं लागली ती कायमची. इथली लॅब रक्त वेगळ्या नळीत घेऊन मुंबईला पाठवते, रिपोर्टला आठवडा जातो. ब्रिटनमध्ये लिटरला 7 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की बारकाईनं बघतात. माझे दोन्ही आकडे दोनच्या आत आले. वर्षाची तपासणी गड्ड्याची यात्रा उरकली की करणार आहे. त्यात काही वेगळं निघालं तर यात भर घालीन.