शीतपेटी की एम्बामिंग?

अंत्यविधी दोन-चार दिवसांत होणार असेल तर मृतदेह टिकवायला शीतपेटी पुरते. सुमारे ४ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ मंदावते, थांबत मात्र नाही. शवविच्छेदन बाकी असेल तर थंडावाच बरा, कारण एम्बामिंगमध्ये देह टिकवण्यासाठी आत भरलेल्या रसायनांमुळे विषतपासणीत घोळ होतो.

मृतदेह विमानाने दूर न्यायचा असेल तर बहुधा एम्बामिंग लागते. मानेतल्या किंवा जांघेतल्या धमनीतून फॉर्मलिनयुक्त (पाण्यात विरघळवलेले फॉर्मल्डिहाइड असलेला) द्रव सोडतात, शिरेतून रक्त बाहेर काढतात. देह टिकतो, पण धोका कामगाराकडे सरकतो: फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. चांगले वायुवीजन, दुहेरी हातमोजे, चेहऱ्यावर ढाल हवीच. साधा कापडी मास्क ही वाफ अडवत नाही, तरी अनेकजण त्यावरच भागवतात! शीतपेटीतला देह हाताळतानाही हातमोजे सुटत नाहीत. थंडीने जंतू मरत नाहीत.