कूलरच्या गावात आरसीसीबी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमचे घर नागपूरच्या महाल भागात आहे. ते साठ वर्षांपूर्वीचे असून त्यातले निम्मे वायरिंग अजूनही लाकडी पट्ट्यांवरून गेलेले आहे, आणि त्या निम्म्या भागात फेज व न्यूट्रल अशा दोनच तारा आहेत, अर्थिंगची तिसरी तार नाही. गेल्या वर्षी नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असताना सासूबाईंचा हात कूलरच्या पत्र्याला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तेव्हा आम्ही सर्वांनी 'कूलरजवळ चप्पल घालूनच जायचे' असे ठरवून तो विषय तिथेच संपवला. नागपुरात बहुतेक घरांत हाच उपाय चालतो. मात्र मला त्यानंतर शांत झोप लागेना, म्हणून यंदाच्या फेब्रुवारीत, गच्चीवर झाकून ठेवलेला कूलर खिडकीशी आणण्याआधीच, तळमजल्याच्या डीबीमध्ये, म्हणजे घरात वीज वाटणाऱ्या पेटीत, ४० अँपिअरचा, दोन पोलचा (फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आणि ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. मजुरी आणि थोडे नवे वायरिंग धरून साडेचार हजार रुपये खर्च आला. नऊ महिन्यांत तो चार वेळा पडला, म्हणजे आपोआप बंद झाला, आणि चारही वेळा त्यामागे खरे कारण सापडले, एवढे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

सीताबर्डीच्या दुकानात याला सर्रास 'ईएलसीबी' म्हणतात. ते नाव मुळात जुन्या, अर्थच्या तारेवरील व्होल्टेज पाहणाऱ्या उपकरणाचे होते, पण आज त्या नावाने मागितले तरी हातात आरसीसीबीच पडतो. नावापेक्षा त्यावर छापलेला आकडा पाहणे जास्त गरजेचे आहे, कारण १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही आरसीसीबी मिळतात, त्यांचा उपयोग मुख्यतः गळतीमुळे लागणाऱ्या आगीपासून संरक्षणासाठी असतो आणि माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरचाच लागतो. त्यावर आयएस १२६४० हा मानक क्रमांक आहे का, तेही मी पाहून घेतले.

घरात एमसीबी, म्हणजे जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले की तुटणारा स्विच, असताना आणखी हे कशाला, असा प्रश्न आमच्याकडेही विचारला गेला. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर, आणि ओल्या हातापायांनी पत्र्याला चिकटलेल्या माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह फार तर दोनअडीचशे मिलिअँपिअर असतो, कारण ओल्या शरीराचा रोध साधारण १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टला तेवढाच प्रवाह वाहील. एमसीबीच्या दृष्टीने हा एखाद्या छोट्या बल्बएवढा भार आहे, त्यामुळे तो जागचा हलणारही नाही. हृदयाची लय बिघडवायला मात्र एवढा प्रवाह पुरेसा असतो.

आरसीसीबी काम कसे करतो, ते मी वायरमनकडून आणि नंतर वाचून समजून घेतले. गिरणीत दळण देताना आपण धान्याचे वजन करतो आणि परत आणल्यावर पिठाचे करतो, तसा हा हिशेब आहे. घरात जाणारी फेज आणि घरातून परतणारी न्यूट्रल या दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून एकत्र नेलेल्या असतात. दोन्हींतला प्रवाह सारखा आणि उलट दिशेचा असल्याने त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून काढतात आणि कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या बारीक तारेला काहीच जाणवत नाही. पण प्रवाहाचा काही भाग पत्र्यातून, ओल्या फरशीतून किंवा कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, की परतीचा प्रवाह तेवढा कमी पडतो, तोल बिघडतो, त्या तिसऱ्या तारेत व्होल्टेज निर्माण होते आणि कायमच्या चुंबकाने धरून ठेवलेली एक लहानशी कळ सुटते. त्यासरशी स्प्रिंग उघडते आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तुटतात. दळणात थोडी घट धरतात तशी इथेही धरलेली आहे : १५ मिलिअँपिअरपर्यंत त्याने पडू नये आणि ३० ला पडलेच पाहिजे, असा नियम आहे. ३० मिलिअँपिअरला त्याने ०.३ सेकंदाच्या आत आणि त्याच्या पाचपट, म्हणजे १५० मिलिअँपिअरला, ०.०४ सेकंदाच्या आत तुटायला हवे.

येथे एक गैरसमज दूर करणे मला फार आवश्यक वाटते. आरसीसीबी अंगातून जाणारा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर अडवून धरत नाही. प्रवाह शरीराच्या रोधानुसार हवा तेवढा वाहतो, आरसीसीबी फक्त त्याचा वेळ कापतो. म्हणून झटका बसतोच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून माणूस हातात धरलेली विद्युतभारित वस्तू स्वतःहून कितपत प्रवाहापर्यंत सोडू शकतो ते मोजले होते. ती मर्यादा पुरुषांमध्ये सरासरी १६ आणि स्त्रियांमध्ये सरासरी १०.५ मिलिअँपिअरच्या आसपास भरली. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. १९६१ मध्ये डॅल्झिल यांनीच अमेरिकेतील घरगुती गळतीरक्षक उपकरण शोधले. तिथे ते न्हाणीघरातल्या आणि ओट्याजवळच्या सॉकेटमध्येच बसवलेले असते, त्याला 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन बटणे असतात आणि ते ४ ते ६ मिलिअँपिअरलाच तुटते. आपल्याकडे एकच उपकरण संपूर्ण घरासाठी डीबीत बसत असल्याने ३० चा आकडा घेतलेला आहे. म्हणजे मूठ आपल्याला सोडवता येणार नाही, ती या उपकरणाने सोडवायची आहे, हे लक्षात ठेवून त्याच्याकडे पाहावे.

आता चार वेळांचा हिशेब. पहिल्यांदा तो बसवल्यावर दोन तासांतच पडला. जिन्यातला दिवा लावला की पडायचा. वायरमनने दोनदा वर केला, तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, जुन्या घरात हे असंच होत राहते, डायरेक्ट करून देऊ काय?" डायरेक्ट म्हणजे आरसीसीबी वगळून जोडणी. मी नाही म्हटले आणि कारण शोधायला लावले. जिन्यातल्या दिव्याची फेज तळमजल्याची आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावरच्या दिरांच्या लाइनची निघाली. कुणीतरी फार पूर्वी जवळची तार म्हणून ती जोडून दिलेली होती. दिव्याचा प्रवाह आमच्याकडून जात होता आणि त्यांच्याकडून परतत होता, त्यामुळे आमच्या कड्यात तो हरवलेलाच दिसायचा. एक नवी तार ओढली आणि तो त्रास कायमचा गेला. जुन्या घरांत आरसीसीबी 'टिकत नाही' असे जे म्हटले जाते, त्यातल्या पुष्कळ तक्रारींच्या मुळाशी अशी उसनी न्यूट्रल असते, असे आमच्या वायरमननेही नंतर मान्य केले. तरीही 'डायरेक्ट' हा शब्द त्याच्या तोंडी किती सहज आला, याची मला अजून चिंता वाटते.

दुसरा प्रसंग एप्रिलच्या शेवटी घडला आणि तो सांगण्यासाठीच खरे तर हे लिहायला घेतले. संध्याकाळी साडेसहाची वेळ होती, अंगणातली फरशी दिवसभर तापलेली होती आणि माझा बारावीतला मुलगा अनवाणी उभा राहून नळीने कूलरच्या टाकीत पाणी भरत होता. पंप चालूच होता, आणि तो बंद करून पाणी भरावे हे त्याला शंभरदा सांगितलेले होते. पाणी टाकीच्या काठाशी आले, पायाखाली सांडले, त्याने डाव्या हाताने पत्र्याची कड धरली आणि त्याच क्षणी आत डीबीत खट्ट असा आवाज होऊन घरातले पंखे थांबू लागले. तो हात झटकत मागे सरला होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता, पण तो उभा होता आणि बोलत होता. तो म्हणाला, "आई, कोणीतरी हात ओढल्यासारखं झालं." त्या दिवशी सासूबाई बराच वेळ त्याचा तळहात हातात घेऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात कूलर उघडला. पंपाची वायर मागच्या हंगामात लांबवलेली होती, तो सांधा काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला होता आणि टाकी काठोकाठ भरली की तो पाण्यात बुडत होता. पट्टीचा डिंक सुटून आतले तांब्याचे धागे हिरवट पडलेले होते. याहून मोठी चूक एक्स्टेन्शन बोर्डात निघाली. कूलरचा प्लग तीन पिनांचा होता, पण बोर्डाच्या वायरीत दोनच तारा होत्या, त्यामुळे तिसरी, जाड पिन कशालाच जोडलेली नव्हती. अर्थिंग असते, तर पाणी सांध्यापर्यंत चढताच गळती अर्थच्या तारेने जमिनीत गेली असती आणि कुणी हात लावण्याआधीच आरसीसीबी पडला असता. अर्थिंग नसल्याने गळतीला वाट माझ्या मुलाच्या अंगातून मिळाली. आरसीसीबी अर्थिंगशिवायही काम करतो हे खरे आहे, पण तेव्हा तो आधी माणसाला झटका बसू देतो आणि मग तुटतो. त्या आठवड्यात आम्ही अंगणात नवे अर्थिंग करून घेतले, कूलरसाठी भिंतीतून तीन तारांचा स्वतंत्र सॉकेट घेतला आणि पंपाची वायर एकसंध टाकली. त्यानंतर उन्हाळाभर कूलर रात्रंदिवस चालला आणि आरसीसीबी एकदाही पडला नाही.

तिसऱ्यांदा जुलैच्या पावसात रात्री दोनला पडला, अंगणातल्या दिव्यात पाणी गेले होते. येथे या व्यवस्थेची एक उणीव जाणवली : एका दिव्यापायी सर्व घर अंधारात गेले, फ्रीजसुद्धा बंद झाला. चौथ्यांदा सप्टेंबरमध्ये आठवडाभर अधूनमधून पडत राहिला. सर्व एमसीबी खाली केले तरी तो वर राहीना, तेव्हा आधी उपकरणच बिघडले असे वाटले. पण आमचे एमसीबी एक पोलचे आहेत, ते फक्त फेज तोडतात, आणि न्यूट्रल कुठे अर्थला टेकली असेल तर एमसीबी खाली करूनही ती टेकलेलीच राहते. एकेक प्लग उपसत गेल्यावर जुन्या वॉशिंग मशिनवर बोट ठेवता आले. कारण हुडकण्यासाठी एमसीबी पाडणे पुरेसे नाही, प्लग काढावे लागतात, हे मला तेव्हा कळले.

ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडे आणखी. साध्या 'एसी' प्रकारच्या आरसीसीबीऐवजी 'ए' प्रकारचा घेतलेला बरा, कारण इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशिनमधल्या इलेक्ट्रॉनिक भागांतून होणारी तुटक, एकाच दिशेने वाहणारी गळतीही तो ओळखतो. त्याच्यावर लाटेच्या चिन्हाखाली अर्ध्या लाटाही छापलेल्या असतात. आरसीसीबी जास्त भारावर किंवा शॉर्टसर्किटवर तुटत नाही, त्यामुळे एमसीबी काढून त्याच्या जागी हा बसवू नये. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली व पाय कोरड्या लाकडी स्टुलावर असले, तर गेलेला सगळा प्रवाह परत येतो आणि आरसीसीबीला काहीच कळत नाही. तसेच तो इन्व्हर्टरच्या आधी बसवलेला असेल, तर वीज गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या लाइनला त्याचे संरक्षण आहे असे धरून चालू नये.

महिन्याच्या एक तारखेला मी 'टी' लिहिलेले बटण दाबते. ते आतल्या रोधातून थोडा प्रवाह कड्याला वळसा घालून नेते आणि खोटी गळती निर्माण करते, तेव्हा उपकरण लगेच पडले पाहिजे. घराचे अर्थिंग ठीक आहे का, हे मात्र त्या बटणाने कळत नाही, ते वायरमनकडून वेगळे तपासून घ्यावे लागते. नऊही वेळा आमचा आरसीसीबी दाबताक्षणी पडला.

वरच्या मजल्यावर दिरांकडे अजून काही बसवलेले नाही. त्यांचा कूलर आमच्याहून जुना आहे. एप्रिलमधला प्रसंग त्यांनी वरून डोळ्यांनी पाहिला, म्हणून येत्या फेब्रुवारीत कूलर खिडकीशी येण्याआधी त्यांच्याकडे कूलरच्या लाइनवर आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेले उपकरण, आणि बाकी घराला वेगळा आरसीसीबी असे काम ठरले आहे. वायरमन तोच येणार आहे. या वेळी त्याने स्वतःहून विचारले, "ताई, वरचं अर्थिंग आधी पाहून घेऊ नं?"