नागपुरात दुरियानचं कलम: हौस म्हणून ठीक, बागेसाठी नको

दुरियान म्हणजे आग्नेय आशियातलं काटेरी, उग्र वासाचं फळ. नागपुरात लावायला त्याच्या कलमाला पाचपैकी दोन गुण. कारणं खाली.

रोपवाटिकेत दुरियानच्या पिशवीवर ‘मुसांग किंग’ किंवा ‘मोनथॉन्ग’ असं जातीच्या नावाचं लेबल असतं आणि किंमत संत्र्याच्या कलमाच्या कितीतरी पट. पैसे देण्याआधी लेबल सोडा, खोड बघा. बुडापासून वीतभर वर पाचर कलमाचा सांधा दिसायला हवा. खोड सरळसोट, कुठेच जोड नाही, म्हणजे ते बियांचं रोप. त्याला फळायला 8-10 वर्षं लागतात, आणि फळ त्याच जातीचं निघेल असंही नाही. कलम 4-6 वर्षांत फळ धरतं, पण मानवेल अशा हवेत. पान उलटून पाहा, मागची बाजू तांबूस-सोनेरी चमकते.

सांध्यावरची प्लास्टिक पट्टी बरेचदा तशीच राहते. जोड पक्का झाला की ती उभी चिरून काढा, नाहीतर खोडाला फास बसतो. खुंटावरचे, म्हणजे सांध्याखालच्या खोडावरचे फुटवे, संत्र्याचे पानसोट काढतो तसे, कोवळे असतानाच खुडा.

आपली काळी माती याला मुळीच चालत नाही. सामू (pH) 5 ते 6.5 हवा, चुनखडीच्या मातीत पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लाल माती, कुजलेलं शेणखत आणि भरड वाळू समान घ्या. पिशवी ब्लेडनं चिरा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका; मुळं दुखावली की रोपाची वाढ खुंटते. बोअरच्या क्षारी पाण्यानं पानांची टोकं करपतात, तेव्हा जमेल तितकं पावसाचं पाणी साठवा.

खोडातून तपकिरी चिकट स्राव आला तर संत्रावाल्यांना वेगळं सांगायला नको. संत्र्याच्या डिंक्या रोगाची फायटोफ्थोरा बुरशीच ती. पाणी खोडाला लागू न देणं, म्हणजे आपली डबल रिंग (खोडाभोवती दोन आळी, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात), आणि बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, हेच इथेही.

खरी अडचण हवेची. या झाडाला 24 ते 32 अंश आणि बारमाही दमटपणा लागतो. मे महिन्यात इथे पारा 45 च्या आसपास असतो आणि हवा कोरडी. 50 टक्के शेडनेट, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन, पश्चिमेला आडोसा, एवढं केलं तर रोप तगतं. (कूलरसमोर ठेवून भागत नाही.) डिसेंबर-जानेवारीत थंडी 10 अंशांवर आली की वाढ थांबते.

समजा, फुललंच. फुलं संध्याकाळी उमलतात, परागीभवन मुख्यतः वटवाघळं करतात आणि बहुतेक जातींना दुसऱ्या जातीचे पराग लागतात. एकाच कुंडीतल्या एकट्या झाडावर फळाची आशा धरू नये. भारतात दुरियान फळतो तो उदाहरणार्थ तमिळनाडूत निलगिरीच्या पायथ्याला, कल्लार-बर्लियारकडे.

‘दुरियानच्या वाळवलेल्या बिया’ म्हणून पाकीट मिळालं तर तसंच परत करा. ही बी वाळली की मेली. फळातून काढल्यावर आठवड्याभरात पेरावीच लागते.