सागवानी देवघर : दोन पावसाळे वापरून झाल्यावर

चिपळूणजवळचं गावचं घर बंद केलं तेव्हा आई देवांसकट पुण्याला आली. डबा अख्खा प्रवास मांडीवर. आत पंच्यात गुंडाळलेले शाळिग्राम, शंकराचा बाण, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण आणि खंडोबाचा टाक. गावी देवघर म्हणजे स्वतंत्र खोली होती, इथे फ्रिज आणि खिडकीच्या मधली सव्वादोन फूट भिंत. ईशान्य कोपरा वगैरे विचारू नका, तिथे बाथरूम आहे.

पेठेतल्या एका दुकानातून २४ इंच रुंद, १५ इंच खोल देवघर १४,५०० रुपयांना घेतलं. ‘सगळं सागच आहे काका’ असं विक्रेत्याने सांगितलं होतं. खांब, कमान, शिखर खरंच साग निघालं. पाठ मात्र वरून सागाचा पापुद्रा चिकटवलेली एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी होती. रोजच्या अभिषेकाचे शिंतोडे उडून पहिल्याच श्रावणात ती खालून फुगली. दुकानदार म्हणाला, पाणी लागू द्यायचं नाही. देवघराला! शेवटी सुताराकडून वॉटरप्रूफ प्लाय मारून घेतला.

पण माझी खरी तक्रार लाकडाबद्दल नाही. हे देवघर बनवणाऱ्याने त्यात कधी पूजा केलेली नसावी. आत दोन पायऱ्या, त्यावर देव छान दिसतात. पण पुढे जेमतेम चार इंच जागा उरते. ताम्हन ठेवणार कुठे? घरचं आठ इंची ताम्हन बसेना म्हणून मी कसब्यातल्या तांबट आळीतून मठारलेलं सहा इंची आणलं, तरी ते अर्धं बाहेर. मग वरची पायरीच काढली. आता शाळिग्राम मध्यभागी आणि आईचा हात कोपरापर्यंत आरामात आत जातो.

उंचीचंही तेच. सोबतचं स्टँड १२ इंची, म्हणजे पाटावर बसणाऱ्यासाठी. आईचे गुडघे गेलेत, ती खुर्चीवर बसून पूजा करते. सुताराने २६ इंची स्टँड करून दिलं, त्याचे १,८०० वेगळे.

सर्वांत कामाची निघाली ती खालची बाहेर ओढायची फळी. निरांजन तिच्यावरच ठेवतो. सुरुवातीला आत ठेवायचो, तर कमानीखाली काजळी धरली आणि पॉलिशला फोड आले. खणात वाती, कापूर, अष्टगंध, गोपीचंदन सगळं मावतं. सहाण मात्र जड, ती खाली. आतल्या पिवळ्या एलईडीला आईने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, ‘देवाला निरांजन पुरतं’ म्हणाली. आता पहाटे खणातली काडेपेटी शोधायला तोच लावते. शिखरावरच्या कोरीवकामात धूळ इतकी बसते की दर महिन्याला जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. पुन्हा घेतलं तर सपाट माथ्याचं घेईन.

पाचपैकी तीन तारे, तेही सुतार धरून. घ्यायला जाल तेव्हा घरचं ताम्हन पिशवीत घालून न्या आणि दुकानातच आत ठेवून, हात घालून बघा. हसले तर हसू दे.

दाराला लटकवलेल्या चार पितळी घंटा वाकताना आईच्या कपाळाला लागायच्या, त्या काढून ठेवल्यात. कुणाला हव्या असतील तर सांगा.