फिकट झेरॉक्स नोट्स, कृपया घेऊ नका

चतुर्थीच्या सुट्टीआधी फोंड्यातल्या एका दुकानातून लेकीसाठी दहावीच्या विज्ञानाच्या नोट्स घेतल्या. झेरॉक्सची झेरॉक्स! अक्षरं पुसट, डोळ्याची आकृती म्हणजे नुसता काळा डाग. तक्रार केली, तर दुकानदार म्हणाले, "ताई, कष्टानं वाचलेलं जास्त लक्षात राहतं." ऐकायला पटतं. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठानं २०१८ मध्ये याच आशेनं मुद्दाम अवघड असा 'सॅन्स फर्गेटिका' फॉन्ट काढला होता. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एकूण ८८२ जणांवरच्या चार प्रयोगांत त्यानं स्मरण वाढल्याचं दिसलं नाही. आमच्याकडे तर पोर 'कॉन्व्हेक्स'च्या जागी 'कॉन्केव्ह' वाचून दोन दिवस उलटंच पाठ करत बसली. पैशांचं जाऊ दे, तिचे ते दोन दिवस मला फार लागले. आता मूळ पुस्तक मिटून मीच तिला प्रश्न विचारते.