गूगल स्कॉलर: हृदयरोग संशोधकाची कामगिरी कितपत कळते?

हृदयरोगावर काम करणाऱ्या एखाद्या संशोधकाने आजवर काय लिहिले आणि त्या लेखनाची इतरांनी किती दखल घेतली, हे पाहायचे असले की मी ज्या वैद्यकीय ग्रंथालयात काम करतो तेथील निवासी डॉक्टर आधी गूगल स्कॉलर उघडतात. २००४ साली सुरू झालेली, संशोधनपर लेखन शोधून देणारी गूगलची ही सेवा मोफत आहे. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या संशोधनसूचींची वर्गणी परवडत नसलेल्या महाविद्यालयांना तिचा मोठाच आधार आहे. मी ती वर्षानुवर्षे वापरतो आणि शोधाचे साधन म्हणून तिची मनापासून शिफारस करतो. मात्र तिच्यावरील संशोधकाच्या प्रोफाइलवरच्या, म्हणजे त्याच्या निबंधांची यादी असलेल्या पानावरच्या, आकड्यांवरून एखाद्याची योग्यता ठरवण्याला माझा ठाम विरोध आहे.

आधी तिचे खरे बळ पाहू. केरळमध्ये जन्मलेले आणि बंगळूरच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात शिकलेले सलीम युसूफ यांनी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातून इंटरहार्ट हा अभ्यास उभा केला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या निबंधात ५२ देशांतील, पहिल्यांदाच हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे १५ हजार रुग्णांची तुलना जवळपास तितक्याच निरोगी व्यक्तींशी केली होती आणि झटक्याचा बहुतांश धोका धूम्रपान, रक्तातील मेद, रक्तदाब, मधुमेह अशा नऊ घटकांशी निगडित असल्याचे दाखवले होते. स्कॉलरवर या निबंधाखालच्या सायटेशनच्या (इतर निबंधांनी त्याचा संदर्भ किती वेळा दिला याच्या) आकड्यावर क्लिक केले की हजारो निबंधांची यादी उघडते, आणि वरच्या चौकटीत खूण करून केवळ त्या यादीतच शोध घेता येतो. तेथे दक्षिण आशियाविषयीचे शब्द टाकत गेले की आपण २००७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निबंधापाशी पोहोचतो. त्याचे पहिले लेखक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्रशांत जोशी आहेत. दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी, तर इतरत्र ५८.८व्या वर्षी येतो, ही आपल्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची नोंद या निबंधात आहे. एका कामातून दुसरे काम कसे निघाले हे इतक्या सहजपणे उलगडून दाखवणारे दुसरे मोफत साधन माझ्या पाहण्यात नाही.

अडचण सुरू होते ती प्रोफाइलच्या पानावर. संशोधकांना स्वतःचे प्रोफाइल उघडण्याची सोय २०११ मध्ये सर्वांना खुली झाली. नवे निबंध यादीत आपोआप जमा होऊ द्यायचे की संमती घेऊनच, हे खातेदार ठरवतो, आणि संमतीविना जमा होऊ दिल्यास समान नावाच्या भलत्याच माणसाचे निबंध यादीत येऊन बसतात. ‘पी. जोशी’ किंवा ‘एस. पाटील’ अशी आद्याक्षरे असलेल्या मराठी नावांचा घोळ तर विचारूच नये. यादी तपासून चुकीच्या नोंदी काढण्याची सोय आहे. पण ती जबाबदारी पूर्णपणे खातेदारावर सोडलेली आहे.

उजवीकडच्या कोष्टकातील एच-इंडेक्सचेही तसेच. निर्देशांक ४ म्हणजे किमान चार निबंधांना प्रत्येकी किमान चार संदर्भ मिळालेले असणे. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या या मोजमापात, एखाद्याच्या पाच निबंधांना ४०, २२, ९, ४ आणि १ असे संदर्भ मिळाले असतील तर त्याचा निर्देशांक ४ येतो; पहिल्या निबंधाचे संदर्भ ४० ऐवजी १० हजार झाले तरी तो ४च राहतो. शिवाय हृदयरोगशास्त्रातील मोठ्या चाचण्यांचे आणि मार्गदर्शक सूचनांचे लेखक मोठ्या संख्येने असतात. अभ्यासाची आखणी करणाऱ्याला आणि एका केंद्रावर रुग्ण नोंदवणाऱ्याला लेखकांच्या यादीत स्थान मिळाले, तर आकडा दोघांच्याही खात्यात सारखाच जमा होतो. वैद्यकीय निबंधात शेवटचे नाव बहुधा प्रमुख संशोधकाचे असते, आणि प्रोफाइलच्या यादीत लेखकांची नावे मध्येच तोडून नेमकी तीच जागा टिंबांनी भरलेली दिसते. निवड समितीसमोर या कोष्टकाची छापील प्रत ठेवली जाते तेव्हा मला म्हणूनच अस्वस्थ वाटते. रुग्णाच्या नातेवाइकांनी तर त्यावरून डॉक्टर मुळीच निवडू नये, कारण अँजिओप्लास्टी करणाऱ्या हाताचे कौशल्य त्यात कोठेही मोजलेले नसते.

माझी सर्वांत गंभीर तक्रार मागे घेतलेल्या निबंधांविषयी आहे. मे २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’ या वैद्यकीय नियतकालिकात हृदयविकार, औषधे आणि कोविडमधील मृत्यू यांवर सर्जिस्फिअर कंपनीच्या माहितीवर आधारलेला निबंध आला आणि मूळ माहितीची पडताळणी होऊ न शकल्याने ४ जूनला तो मागे घेण्यात आला, त्यानंतरही त्याचे संदर्भ दिले जात राहिले. संदर्भ आधार म्हणून दिला की खंडन करण्यासाठी, हा भेद स्कॉलरची बेरीज करत नाही. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या मोफत सूचीत अशा निबंधाच्या नोंदीवर ठळक सूचना असते. त्यामुळे कोणाचीही यादी पाहताना त्यातील सर्वाधिक संदर्भ मिळालेले निबंध मी एकेक करून पबमेडवर उघडतो, लेखकांचा पूर्ण क्रम आणि कोणी काय काम केले याचा निबंधातील खुलासा वाचतो, आणि मगच विचारणाऱ्याला उत्तर देतो.